खिशातला चाकू : ओळख, पारख आणि मोल

तलवार, कट्यार आणि भाला यांना इतिहासाने मानाचे स्थान दिले. त्यांच्यावर पोवाडे रचले गेले, विजयादशमीला त्यांची पूजा झाली आणि राजवाड्यांच्या शिलेखान्यांत त्यांच्या नोंदी राहिल्या. परंतु ज्या पात्याने पिढ्यानपिढ्या बोरू तासले, सुपारी फोडली, आंबे चिरले, दोरखंड कापले आणि मुलांना खेळण्यासाठी बांबूच्या पिपाण्या करून दिल्या, त्या घडीच्या चाकूची दखल दप्तराने फारशी घेतली नाही आणि घरानेही घेतली नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत हा भेद विशेष उठून दिसतो. एका अंगास ६ जून १६७४ रोजी जेथे शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तो रायगड आहे. दुसऱ्या अंगास, पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून गेल्यावर लागणारा प्रतापगड असून त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध झाला. या दोन गडांच्या छायेत नांदणाऱ्या मुलखात जुने पाते म्हटले की मन भवानी तलवारीकडे, बिचव्याकडे आणि वाघनखांकडे धाव घेते; माजघरातल्या फडताळात किंवा आजोबांच्या चंचीत अडकित्त्याशेजारी पडून राहिलेला चाकू कोणाच्याही ध्यानीमनी नसतो.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय हाच उपेक्षित जिन्नस आहे. जुन्या चाकूचे मोल प्रामुख्याने त्याच्या ओळखीत असते. तो कोठे घडला, केव्हा घडला, कोणाच्या हाती होता आणि त्याच्या हातून कोणते काम झाले, हे सांगणारी चिन्हे जोवर त्याच्या अंगावर आणि घरच्यांच्या स्मरणात शाबूत आहेत, तोवरच तो संग्रहयोग्य होय. ती चिन्हे पुसली गेली की भंगाराच्या तराजूत जोखावयाचे चार तोळे लोखंड तेवढे शिल्लक उरते. सबब, चाकूची किंमत कशी ठरते हे जाणण्यापूर्वी त्याची ओळख कशी वाचावी आणि कशी राखावी हे जाणणे अगत्याचे आहे.

सामान्य वस्तूंचा संग्राहक

नित्याच्या वस्तूंचा संग्रह ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जो छंद आरंभिला आणि पत्नी कमलाबाई यांच्या साहाय्याने आयुष्यभर चालविला, त्यातून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. अकाली निवर्तलेल्या पुत्राचे नाव त्यांनी त्यास दिले आणि वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संभार राज्यशासनाच्या स्वाधीन केला. त्या संग्रहात दिवे आहेत, दौती आहेत, कुलपे आहेत आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अडकित्ते आहेत. अडकित्ता हे मराठी घरातले सर्वांत परिचित घडीचे पाते होय. पान-सुपारीच्या सत्कारात ते चारचौघांत मिरवत असल्यामुळे कारागिराने त्याच्यावर मोर, पोपट, घोडे आणि मानवाकृती कोरून आपले कौशल्य पणास लावले. केळकरांच्या पूर्वी अशा वस्तू मोडीत घातल्या जात होत्या. त्या शेकड्यांनी एकत्र मांडल्या गेल्या तेव्हाच लोकांना त्यांतील प्रदेशभेद, घाटभेद आणि कालभेद दिसू लागले. एकट्या वस्तूकडे पाहून जे कळत नाही ते तिच्या जातीच्या दहा वस्तू शेजारी ठेवल्याने कळते, आणि संग्रह करण्याचे मुख्य समर्थन यातच आहे.

चाकू या मुलखात कोणत्या वाटेने आला

महाड-पोलादपूरच्या घरांत सापडणाऱ्या चाकूंच्या तीन वाटा संभवतात, आणि संग्राहकाने प्रत्येक चाकूविषयी पहिला प्रश्न हाच करावा की तो यांपैकी कोणत्या वाटेने आला असावा.

पहिली वाट दप्तराची. मोडी लिपीचे लेखन बोरूने चाले, आणि बोरूला तिरकस छाट देऊन त्याचे टोक वारंवार नीट करावे लागे; त्यामुळे कुळकर्णी, खोत, कारकून किंवा वकील यांच्या कलमदानात दौत, बोरू आणि वाळूची डबी यांच्या जोडीने लहानसा कलमतराश असणे अपरिहार्य होते. अशा चाकूचे पाते आखूड, पातळ आणि निमुळते असते, त्याला जाड कामाचे ओरखडे नसतात आणि वारंवार धार लावल्यामुळे ते मूळ रुंदीपेक्षा अरुंद झालेले असते. जुन्या घरच्या कागदांच्या पेटीत, सनदा आणि खरेदीखतांच्या रुमालांसमवेत असा चाकू निघाला, तर तो त्या कागदांपासून वेगळा काढू नये. कागद आणि चाकू मिळून त्या घराच्या लेखनव्यवसायाची जी साक्ष देतात ती दोघांची ताटातूट झाल्यावर क्षीण होते.

दुसरी वाट जलमार्गाची आणि चाकरमान्यांची. सावित्रीच्या मुखाशी असलेला बाणकोटचा किल्ला इंग्रजांच्या हाती १७५५ साली आला, आणि खाडीने आत दासगाव-महाडापर्यंत चालणाऱ्या व्यापारामुळे मुंबईचा माल या अंतर्भागात पोहोचण्याची सोय पूर्वीपासून होतीच. पुढे गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांच्या नोकऱ्यांसाठी घराघरांतून माणसे मुंबईस गेली. शिमगा-गणपतीला गावी येताना त्यांच्या ट्रंकेतून कापड, आरसे, कात्र्या आणि विलायती चाकू आले. कोकणातल्या लोहाराने कोयती, विळी आणि कुऱ्हाड उत्तम घडविली. परंतु कमानीच्या जोरावर उघडमीट करणारा नाजूक घडीचा चाकू बहुधा बाहेरूनच आला. कधी तो इंग्लंडातील शेफिल्डचा, कधी जर्मनीतील सोलिंगेनचा, तर कधी नवाबांच्या काळापासून चाकूंसाठी प्रसिद्ध असलेल्या रामपूरचा असे.

तिसरी वाट पलटणीची. महाड तालुक्यातील एका आंबवडे गावाने तर ‘फौजी आंबवडे’ हे नावच धारण केले आहे, इतकी तेथील सैनिकी परंपरा दृढ आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे जो वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला, त्यात १०३ आणि ११० क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण पत्करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. कोकणच्या महार सैनिकांची परंपराही अशीच जुनी असून १९४१ साली महार रेजिमेंटची पुनश्च उभारणी झाली. ब्रिटिश सैन्याचा घडीचा चाकू ओळखण्यास सोपा असतो: रुंद पाते, डबा उघडण्याचे हत्यार, दोरखंडाच्या गाठी सोडविण्याचा टोकदार लोखंडी दाभण, अडकविण्यासाठी कडी आणि चौकटीच्या नक्षीची काळी मूठ. दुसऱ्या महायुद्धातील नगांवर बहुधा निर्मात्याचे नाव, साल आणि सरकारी मालकी दर्शविणारा रुंद बाणाचा ठसा असतो. हिंदुस्थान सरकारच्या युद्धकालीन सामानावर त्या बाणाखाली इंग्रजी ‘आय’ हे अक्षर आढळते. असा चाकू माजी सैनिकाच्या घरात निघाला, तर सैनिकाचा क्रमांक, पलटण, सेवापुस्तिका आणि पदके यांच्याशी त्याची सांगड घालून ठेवणे हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य होय.

पात्याच्या बुडाशी असलेली अक्षरे

चाकू उघडल्यावर पाते जेथे मुठीला मिळते, तेथे धार नसलेला जाड भाग असतो. निर्मात्याचा ठसा प्रायः तेथेच असतो, आणि चाकूचे वय सांगणारा पहिला पुरावा तोच होय. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीची मुद्रा तारा आणि माल्टाचा क्रूस अशी असून तिच्या पात्यांवर ‘सहा क्रमांक, नॉरफोक स्ट्रीट’ हा पत्ताही आढळतो. राजघराण्याची सनद असल्यामुळे तिच्या पुष्कळ पात्यांवर मुकुटासह राज्यकर्त्याची आद्याक्षरे असतात. ‘व्ही आर’ अशी अक्षरे व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १९०१ पूर्वीच्या अमदानीकडे निर्देश करतात, आणि ‘जी आर’ अक्षरे बहुधा १९१० नंतरच्या पंचम किंवा षष्ठ जॉर्जच्या कारकीर्दीकडे. जॉर्ज वोस्टनहोम यांच्या पेढीचा ‘आय एक्स एल’ हा शिक्काही तितकाच नामांकित होता. मात्र या नावांची कीर्ती जितकी मोठी तितकी त्यांची नक्कलही मोठ्या प्रमाणावर झाली, आणि अक्षरांत किंचित फेरफार करून बनावट माल विकण्याचा व्यवहार हिंदुस्थानच्या बाजारपेठांत रूढ होता. म्हणून नाव वाचल्यावर अक्षरांचे वळण, ठशाची खोली आणि एकंदर घडणीचा दर्जा त्या नावास साजेसा आहे की नाही हे पाहिल्याखेरीज निर्णय करू नये.

कालनिर्णयाचे आणखी काही खुंटे निश्चित आहेत. व्यापारी चिन्हांसंबंधीचा ब्रिटिश कायदा १८८७ साली आणि तत्सम हिंदुस्थानी कायदा १८८९ साली झाला. त्यामुळे आयात मालावर उत्पादनदेशाचे नाव घालण्याची प्रथा दृढ झाली, आणि ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ हा शब्द असलेला चाकू साधारणतः त्यानंतरचा समजावा. गंज न चढणारे पोलाद हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफिल्डमध्ये १९१३ साली सिद्ध केले. सबब पात्यावर ‘स्टेनलेस’ हा शब्द असेल, तर घरचे लोक तो चाकू कितीही जुना सांगोत, तो त्या सालापूर्वीचा असू शकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली कारखाना काढला, १८९१ मध्ये तेथील सैन्याला चाकू पुरविण्यास आरंभ केला आणि १२ जून १८९७ रोजी जगप्रसिद्ध ‘ऑफिसर चाकू’ची नोंदणी केली, परंतु ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव १९२१ मध्ये रूढ झाले, त्यामुळे ते नाव धारण करणारा चाकू पहिल्या महायुद्धातला असणे संभवत नाही. अमेरिकेतील केस कंपनीने तर १९७० पासून ठशाखाली दहा ठिपके देऊन दरवर्षी एकेक ठिपका कमी करण्याची योजना आखली, आणि त्या दशकातल्या तिच्या चाकूचे साल ठिपके मोजून सांगता येते.

मुठीचे द्रव्यही बोलके असते. हाडाच्या पृष्ठभागावर बारीक काळसर ठिपके वा रेघोट्या दिसतात, कारण त्यात रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइडवर दोन्ही नसतात. शेफिल्डच्या उत्तम चाकूंना जी खडबडीत तपकिरी मूठ असे, तिच्यासाठी लागणारे सांबरशिंग हिंदुस्थानातून विलायतेस जाई. म्हणजे आपल्या अरण्यांतील द्रव्य सागर ओलांडून गेले आणि पाते जडवून पुन्हा मुंबईच्या बाजारात उतरले, ही त्या काळच्या व्यापाराची कथा एका मुठीत सामावलेली असते.

स्मरणार्थ काढलेले चाकू

एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ चाकू काढण्याची प्रथा विलायतेत एकोणिसाव्या शतकात फोफावली. राणीच्या राज्यारोहणाचे १८८७ आणि १८९७ चे महोत्सव, १९०२, १९११ आणि १९३७ चे राज्याभिषेक, प्रदर्शने आणि व्यापारी पेढ्यांचे वर्धापनदिन अशा निमित्तांनी मुठीवर राजाराणींची चित्रे वा अक्षरे उमटविलेले स्वस्त चाकू मोठ्या संख्येने निघाले. त्यांच्या दुसऱ्या टोकास प्रदर्शनीय अद्भुते होती. रॉजर्स पेढीने १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी पंचाहत्तर पाती व हत्यारे असलेला ‘नॉरफोक चाकू’ घडविला. तिचाच ‘वर्षचाकू’ १८२२ साली तितक्याच, म्हणजे १८२२ पात्यांचा होता, आणि पुढे वर्षांबरोबर त्याची पातीही वाढविली गेली.

संग्राहकाने येथे एक विवेक राखावा. जी वस्तू केवळ संग्रह करण्यासाठीच काढली गेली, पेटीत बंद होऊन आली आणि सर्वांनीच पेटीत बंद ठेवली, तिची दुर्मिळता नाममात्र असते, कारण तिच्या सगळ्याच प्रती सुस्थितीत टिकून राहतात. उलट जो स्वस्त चाकू वापरण्यासाठी काढला गेला, वापरला गेला, झिजला आणि टाकला गेला, त्याची सुस्थितीत राहिलेली प्रत खरोखर विरळा ठरते. रायगड, प्रतापगड किंवा महाबळेश्वर येथील दुकानांत मिळणाऱ्या छोट्या कट्यारी आणि खंजीर हे प्रवासाची आठवण म्हणून जरूर घ्यावेत. त्यांच्यावर विकत घेतल्याची तारीख आणि स्थळ लिहून ठेवले तर शंभर वर्षांनी तेही अभ्यासाचे साधन होतील. परंतु त्यांना शिवकालीन म्हणून विकणारा आणि त्या श्रद्धेने घेणारा हे दोघेही इतिहासाचा अपराध करतात.

तीन साक्षी

पारख करताना पुरावा तीन प्रकारचा असतो: वस्तूची साक्ष, कागदाची साक्ष आणि माणसाची साक्ष. मराठ्यांच्या राज्यकारभारात वतनाचा तंटा निवडताना महजर होई. त्यात गोतसभेपुढे उभयपक्षांची तकरीर, जुने कागद आणि साक्षीदारांचे कथन हे सारे निरनिराळे नोंदले जाई. वस्तूंच्या पारखीतही ही शिस्त तितकीच उपकारक आहे, आणि तिचे महत्त्व पटविण्यास प्रतापगडाच्या वाघनखांइतके समर्पक उदाहरण नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीची जी वाघनखे आहेत ती साताऱ्याचा रेसिडेंट आणि ‘हिस्टरी ऑफ द मराठाज’चा कर्ता जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून १९७१ साली तेथे आली. त्यांच्यासाठी स्कॉटलंडमध्ये केलेल्या पेटीवर असा मजकूर आहे की ही शिवाजीची वाघनखे असून ती पेशव्यांच्या प्रधानाने ग्रँट डफला दिली. जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या शासकीय संग्रहालयात प्रदर्शनार्थ आली तेव्हा हजारो लोक भक्तिभावाने त्यांच्या दर्शनास गेले. आता महजराच्या पद्धतीने पाहावे. वस्तू सांगते की ही पोलादाची वाघनखे आहेत. पेटीवरील लेख सांगतो की ती साताऱ्यास ग्रँट डफला मिळाली आणि देणाऱ्याने त्यांचा संबंध महाराजांशी जोडला. परंतु १६५९ पासून ग्रँट डफच्या काळापर्यंतची साखळी जोडणारा कागद उपलब्ध नाही, आणि म्हणूनच खुद्द ते संग्रहालयही, अफझलखानाच्या वधात वापरलेली वाघनखे हीच, असे निश्चयाने सांगत नाही. ग्रँट डफच्या पेटीवरील चार ओळी नसत्या, तर एवढी ओळखही उरली नसती. आणि दोनशे वर्षांपूर्वी कोणी आणखी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर कदाचित वादाला जागाच राहिली नसती. महापुरुषाच्या शस्त्राची जर ही गत, तर आपल्या पणजोबांच्या चाकूची ओळख न लिहिता टिकेल ही आशा व्यर्थ आहे.

स्थिती आणि किंमत

ओळख पटल्यावर स्थितीचा विचार करावा. पाते मूळ लांबी-रुंदीचे आहे काय हे पाहण्याची सोपी रीत अशी की चाकू मिटल्यावर पात्याचे टोक मुठीच्या खोबणीत नीट लपावे आणि नखाने उघडण्याची खाच पात्याच्या काठापासून योग्य अंतरावर असावी. पाते फार झिजले असेल तर हे प्रमाण बिघडलेले दिसते. उघडताना आणि मिटताना कमानीचा खटका खणखणीत वाजावा, पाते डावीउजवीकडे डुलू नये, मुठीच्या पट्ट्यांना तडे नसावेत आणि खिळ्यांची डोकी नव्याने ठोकलेली नसावीत. लबाडी ओळखण्याच्या खुणाही येथेच सापडतात. जुन्या गंजाचा थर ठशाच्या अक्षरांत आणि भोवतालच्या पृष्ठभागावर सारखाच असतो. ठसा मागाहून मारला असेल तर अक्षरांच्या आतले पोलाद उजळ राहते. मूठ जुनी आणि पाते नवे, किंवा पाते जुने आणि मूठ नवी, अशा जोडीत झिजेची सुसंगती नसते. नाव वा तारीख मागाहून कोरली असेल तर कोरीव रेषांच्या कडा तीक्ष्ण असतात, आणि सभोवारचे ओरखडे रेषेखाली शिरून पलीकडे निघालेले दिसतात.

किंमत हा शब्द एकच असला तरी ती तीन प्रकारची असते. भंगारवाला वजनाने देतो ती पहिली. व्यापारी आपला नफा आणि जोखीम वजा करून देऊ करतो ती दुसरी. आणि तीच वस्तू पुन्हा मिळवावयाची झाल्यास जाणकार ग्राहक जी मोजेल ती तिसरी. मुंबईच्या चोरबाजारात किंवा बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात फिरताना सांगितलेली किंमत आणि झालेला सौदा यांतील अंतर लक्षात ठेवावे. खरी किंमत प्रत्यक्ष सौद्यातूनच कळते. जाहिरातीत लिहिलेली रक्कम ही विक्रेत्याची केवळ इच्छा असते. निर्माता, दुर्मिळता, स्थिती, मूळ पेटी वा म्यान आणि मागणी या पाच गोष्टींनी किंमत ठरते. सहावी गोष्ट मालकीची प्रमाणित परंपरा, आणि हीच एक गोष्ट अशी आहे की जी घरच्या माणसांना काहीही खर्च न करता वाढविता येते.

पाऊस, पूर आणि गंज

महाड-पोलादपूरचा पावसाळा पोलादाचा वैरी आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, चार महिने कोंदट हवा आणि भिंतींतून उतरणारी ओल यांमुळे उघडे पाते एका आषाढातही तांबूस होते. गंजाचे दोन प्रकार ओळखावेत. बोटाला लागणारा, भुसभुशीत, तांबडा गंज पोलाद खात असतो आणि त्याला थांबविले पाहिजे; दीर्घ वापराने पात्यावर आलेली गुळगुळीत काळपट-करडी सर मात्र पात्याचे रक्षण करते आणि त्याच्या वयाची साक्ष देते, म्हणून ती कदापि काढू नये. चिंच, लिंबू, राख, विटेचा भुगा आणि पॉलिश कागद ही आपल्या घरांतली परिचित साधने येथे विघातक ठरतात; आम्ल पोलाद आणि हाड दोन्ही खाते, आणि भुगा ठशाची अक्षरे पुसून टाकतो. धारवाल्याच्या चाकावर तर जुना चाकू जाऊच देऊ नये. मऊ सुती कापडाने घाम पुसावा, खोबणीतली माती बांबूच्या काडीने काढावी, शिलाईयंत्राच्या पातळ तेलाचा एखादा थेंब सांध्यावर आणि अगदी सूक्ष्म थर पात्यावर द्यावा, आणि हात लावल्यावर प्रत्येक वेळी पुसून ठेवावा.

चाकू चामड्याच्या म्यानात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून दीर्घकाळ ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यातील द्रव्ये आणि कागदातील आम्ल धातूला बाधक असतात. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू निराळ्या डब्यात, हवा खेळेल असे ठेवावेत. ते द्रव्य कुजू लागले की त्यातून नायट्रिक आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या निर्दोष पात्यांचाही नाश करते. इतर चाकूंसाठी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा सर्वांत बरा. सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने २००५ आणि २०२१ च्या जुलै महिन्यांत महाडकरांच्या घरांची जी वाताहत केली, त्यात किती पेट्या, किती कागद आणि किती आठवणी गेल्या याचा हिशेब कोणीही मांडू शकणार नाही. म्हणून डबा तळमजल्यावर ठेवू नये, आणि वस्तूची छायाचित्रे व नोंदी यांची एक प्रत दुसऱ्या गावच्या आप्ताकडे अवश्य ठेवावी. पाण्यातून निघालेला चाकू ताबडतोब स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तेल लावून मगच मिटावा.

कायद्याची चौकट

या छंदाला कायद्याचेही भान हवे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे जे चाकू गृहोपयोगी, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामाचे नाहीत, ते शस्त्रांच्या वर्गात मोडतात. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असता लहान चाकूही बरोबर बाळगणे अडचणीचे ठरते, म्हणून संग्रहातला चाकू घरीच शोभतो. हस्तिदंत किंवा सांबरशिंगाच्या मुठींचा व्यवहार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कक्षेत येतो. अशा वस्तूची खरेदी-विक्री करण्यापूर्वी वनखात्याकडून खुलासा करून घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते आणि १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमाप्रमाणे ती खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही, हे परदेशस्थ आप्तांना भेट देऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना जमिनीत पुरलेला मौल्यवान जिन्नस हाती आला, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. गडावरून काही उचलून आणणे तर सर्वथा वर्ज्य आहे. वस्तू जेथे सापडली ती जागाच तिच्या ओळखीचा निम्मा भाग असते.

नोंदवही

या सर्व विवेचनाचा व्यवहारातला अर्थ एका साध्या वहीत सामावतो. प्रत्येक चाकूस एक पान द्यावे. मिटलेल्या आणि उघडलेल्या चाकूची लांबी मिलिमीटरांत, पात्यांची संख्या, ठशाची अक्षरे आहेत तशी उतरून, मुठीचे द्रव्य, मोडतोड आणि दुरुस्ती हे वस्तूच्या साक्षीत लिहावे. पावती, पत्र, सेवापुस्तिका किंवा जुने छायाचित्र यांचा उल्लेख कागदाच्या साक्षीत करावा. माणसाच्या साक्षीत ज्या वडीलधाऱ्याने माहिती दिली त्याचे नाव, वय, नाते आणि तारीख घालून त्याचेच शब्द, त्याच्याच बोलीत, फेरफार न करता उतरवावेत. आपला तर्क त्यात मिसळू नये, तो खाली वेगळा लिहावा. आजोबांचा चाकू इंग्रजांच्या वेळचा, एवढेच कथन घरात शिल्लक राहिले असेल, तर तेवढेच लिहावे. पुढल्या पिढीला त्यावरून शोध घेता येईल, पण आपण भर घातलेली कहाणी मात्र तिला चुकीच्या वाटेस लावील.

वडीलधारी मंडळी आज ज्या आठवणी सांगू शकतात त्या आणखी दहा वर्षांनी सांगतीलच असा भरवसा नाही, आणि पात्याचे पोलाद त्यांच्याहून दीर्घायुषी असले तरी ते स्वतःच्या मालकाचे नाव सांगू शकत नाही. म्हणून महाड-पोलादपूरच्या वाचकाने चाकू विकण्याचा, घासण्याचा किंवा मोल विचारण्याचा बेत करण्यापूर्वी ही नोंद करावी. पुढे संग्रह वाढला तर ती त्याचा पाया होईल, विक्री झाली तर ती किंमत वाढवील, आणि संग्रह गावच्या वाचनालयास किंवा एखाद्या संग्रहालयास दिला गेला तर ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात आली नाहीत अशा कारकुनांचा, चाकरमान्यांचा आणि शिपायांचा तोच एक लेखी पुरावा ठरेल.